बाणाचा पिसारा

मागील आश्विनात, विजयादशमीला पंधरा दिवस उरले असता, आमच्या देवळातील एक लहानसे काम अडून बसले. रामरायाच्या उत्सवमूर्तीच्या हातातील चांदीचा बाण फार जुना. वर्षानुवर्षे पालखीतून मिरवून आणि दर सणास चिंच लावून घासून त्याची मागची पिसे झिजली होती. काही गळाली होती, उरलेली वाकली होती. महाजनांनी बाण दुरुस्तीस देण्याचे ठरविले. शेट आले, त्यांनी बाण हाती घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, "पिसे किती घालू, आणि कोणत्या आकाराची?"

सभामंडपात आम्ही सातआठजण होतो. कोणासही उत्तर देता आले नाही. बाणाच्या टोकाविषयी शेटनी काही विचारले नव्हते, कारण टोक कसे असते हे लहान मुलासही ठाऊक असते. शेपटाकडे मात्र इतक्या वर्षांत आमचे लक्षच गेले नव्हते. एका तरुण महाजनाने वर्तमानपत्रातील ऑलिंपिक स्पर्धेचे छायाचित्र दाखविले. त्यातील बाणास तीन इवलीशी पाती होती. दुसऱ्या एका गृहस्थाने भिंतीवरील तसबिरीकडे बोट केले. तीत बाणाच्या मागे मोरपिसांचा झुबका होता. तेव्हा आम्ही शेटना आठ दिवस थांबण्याची विनंती केली आणि ग्रंथ उघडले. त्या आठ दिवसांत जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

आरंभ शब्दांपासून करू. अमरकोशात बाणाची बारा नावे दिली आहेत. त्यांतील 'पत्री' म्हणजे पिसे असलेला, 'खग' म्हणजे आकाशात जाणारा. ही दोन्ही नावे पक्ष्याचीही आहेत. तिसरे नाव 'अजिह्मग', म्हणजे वाकडा न जाणारा. पिसे असणे, उडणे आणि सरळ जाणे ह्या तीन गोष्टी आपल्या पूर्वजांनी एकाच वस्तूच्या नावांत गोवून ठेवल्या आहेत. बाणाच्या पिसाला 'वाज' असा स्वतंत्र शब्द आहे, आणि जेथे पिसे बसवितात व प्रत्यंचा अडकते त्या मागच्या भागाला 'पुंख' म्हणतात. महाभारत-रामायणात बाणांना विशेषणे लागतात तीही पुष्कळदा शेपटावरूनच: कंकपत्र म्हणजे कंक पक्ष्याची पिसे लावलेला, गार्ध्रपत्र म्हणजे गिधाडाची, बर्हिणवाजित म्हणजे मोराची. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात सिंहावर बाण सोडू पाहणाऱ्या दिलीप राजाचा हात पुंखाशीच खिळून राहतो, तेथेही कालिदासाची दृष्टी बाणाच्या टोकावर न जाता राजाच्या नखांच्या प्रभेने उजळलेल्या कंकपत्रांवर जाते. त्याहून कितीतरी मागे, ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील पंचाहत्तराव्या सूक्तात, जे युद्धसाहित्याला उद्देशून आहे, बाणाचे वर्णन येते: पिसांचे वस्त्र ल्यालेला, हरणाच्या अवयवाचा दात असलेला, गाईच्या स्नायूंनी बांधलेला. इतक्या प्राचीन काळीही पिसे हा बाणाचा अलंकार नसून अंग मानले जात होते, हे ह्यावरून दिसते.

आता पिसे करतात काय? सामान्य समज असा की पक्षी जसा पंखांनी उडतो तसा बाण पिसांनी उडतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. बाणाला वेग देते ते धनुष्य. पिसे त्या वेगातून काही अंश हिरावूनच घेतात, कारण ती हवेला अडतात. परंतु हे अडणे मागच्या टोकाला होते, यातच सारे रहस्य आहे. बाणाचे वजन पुढे, फाळाकडे अधिक. हवेला धरणारा पृष्ठभाग मागे. बाण थोडा तिरका झाला की हवा पिसांच्या बाजूवर दाबते आणि शेपूट पुन्हा रांगेत आणते. पिसे किंचित तिरपी किंवा पिळदार बसविली तर बाण स्वतःभोवती फिरू लागतो आणि ह्या फिरण्यानेही त्याची दिशा टिकते. म्हणजे पिसे जितकी मोठी तितकी बाणाची चाल लवकर सावरते, पण वेगही तितका लवकर उतरतो. जितकी लहान तितका वेग टिकतो, पण सावरण्यास वेळ लागतो. जगभरच्या धनुर्धरांनी पिसांच्या आकारासंबंधी जो विचार केला, तो सारा ह्या एका तराजूच्या दोन पारड्यांत मावतो.

पिसांशिवाय बाण असूच शकत नाही असेही नाही. न्यू गिनी बेटावरील लोकांचे लांबलचक वेताचे बाण बिनपिसांचेच असतात. त्यांच्या पुढच्या भागाला जड लाकडाची जोड असल्याने वजन पुढे राहते आणि थोड्या अंतरावर नेम साधतो. दूर मारावयाचे तर मात्र ती युक्ती पुरत नाही. तेथे पक्ष्यालाच शरण जावे लागते.

आपल्याकडे ह्या विषयाचा व्यवस्थित विचार वसिष्ठांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या धनुर्वेदसंहितेत सापडतो. त्यात बाणाची लांबी दोन हातांतून एक मूठ वजा करून सांगितली आहे आणि जाडी करंगळीएवढी. पिसे कोणाची घ्यावी? कावळा, हंस, ससाणा, मासे खाणारे पक्षी, क्रौंच, मोर, गिधाड, कुरर ह्यांची उत्तम. किती लावावी? प्रत्येक बाणास चार. लांबी किती? सहा अंगुळे. शार्ङ्ग धनुष्याने सोडावयाच्या बाणास मात्र दहा अंगुळे. आणि जो नाराच, म्हणजे सबंध लोखंडाचा बाण, त्याला पाच रुंद पिसे. तो कोणा एखाद्यालाच साधतो, असेही ग्रंथकार बजावतो. ह्या शेवटच्या नियमात वर सांगितलेल्या तराजूचे प्रत्यंतर येते. बाण जड झाला, सावरण्यास अवघड झाला, की पिसांची संख्या आणि रुंदी वाढविली. हे केवळ संप्रदायाचे आकडे नव्हेत; ज्यांनी बाण सोडून पाहिले त्यांचे आहेत.

थोडे गणित करून पाहू. एक हात म्हणजे चोवीस अंगुळे. दोन हातांची अठ्ठेचाळीस. त्यांतून मूठ वजा जाता चव्वेचाळीसच्या आसपास. त्यात पीस सहा अंगुळांचे, म्हणजे बाणाच्या सुमारे सातव्या हिश्श्याचे. अंगुळ पाऊण इंचाच्या जवळपास धरले तर पीस साडेचार इंच भरते. आज अमेरिकेत लाकडी धनुष्याने शिकार करणारे लोक तीन पिसांच्या बाणास बहुधा पाच इंची आणि चार पिसांच्या बाणास चार इंची पिसे वापरतात, हे वाचले तेव्हा आम्हांस मोठे कौतुक वाटले. कोणी कोणापासून घेतले असा प्रश्नच येथे नाही. हवा सर्वत्र एकच आहे, आणि तिने दोन्हीकडच्या माणसांना एकच धडा शिकविला.

इंग्लंडात हा विषय राज्यकारभाराचा झाला होता. क्रेसीच्या (१३४६) आणि अ‍ॅजिनकोर्टच्या (१४१५) लढाया इंग्रजांनी मुख्यतः उंच धनुष्यांच्या बळावर जिंकल्या. बाण करणे हा तेथे स्वतंत्र धंदा होता. लंडनमध्ये धनुष्य करणारे आणि बाण करणारे ह्यांचे संघ १३७१ मध्ये वेगळे झाले. फ्लेचर हे इंग्रजी आडनाव त्या बाण करणाऱ्यांचेच. पीस प्रामुख्याने हंसजातीतील पाळीव बदकाचे, ज्याला ते गूज म्हणतात, त्याचे. पाचव्या हेन्रीने १४१७ मध्ये परगण्यापरगण्यांच्या अधिकाऱ्यांना हुकूम पाठविला, की प्रत्येक गूजच्या पंखांतून सहा पिसे काढून घ्यावी. पुढल्याच वर्षी मागणी ११ लक्ष ९० हजार पिसांवर गेली. शेतकऱ्याच्या अंगणातील पक्षी अशा रीतीने फ्रान्समधील युद्धाचा भागीदार झाला.

त्या काळच्या इंग्रजी बाणाचे पीस आज पाहावयास मिळत नाही, कारण पीस कुजून जाते. पण त्याची खूण राहिली आहे. आठव्या हेन्रीचे मेरी रोझ नावाचे लढाऊ गलबत १९ जुलै १५४५ रोजी समुद्रात बुडाले आणि १९८२ मध्ये त्याचा सांगाडा वर काढण्यात आला. त्यात शंभराहून अधिक धनुष्ये आणि हजारो बाण सापडले. कित्येक बाणांच्या शेपटाशी पिसे गुंडाळून बांधलेल्या दोऱ्याचे वळसे आणि डिंकासारख्या लेपाचे थर अद्याप ओळखू येतात. पीस गेले, बांधणी राहिली. ही गोष्ट आम्ही मनात ठेवली. पुढे तिचा आम्हांस उपयोग झाला.

योगायोग असा, की मेरी रोझ बुडाली त्याच वर्षी, १५४५ मध्ये, रॉजर अ‍ॅस्कम ह्या विद्वानाने 'टॉक्सोफिलस' हे धनुर्विद्येवरील पुस्तक प्रसिद्ध केले. हाच गृहस्थ पुढे एलिझाबेथ राणीचा शिक्षक झाला. पुस्तक संवादरूप आहे. एक धनुर्विद्येचा भक्त, दुसरा ग्रंथांचा, आणि प्रश्नोत्तरांतून विषय उलगडत जातो. गुरुशिष्यसंवादाची गोडी असलेल्या आपल्या वाचकांस ही रीत परकी वाटू नये. त्यात पिसांवर मोठे विवेचन आहे: पक्षी कोणता, पीस लांब की आखूड, उंच की बसके, आणि शेवटी ते कातरावे कसे. कातरण्याच्या दोन तऱ्हा तो सांगतो. एक डुकराच्या पाठीसारखी, मध्ये फुगीर. दुसरी खोगिरासारखी, मध्ये किंचित खोल. फुगीर पीस हवा अधिक गोळा करते, म्हणून बाण मंद होतो; खोगिरी पीस वादळवाऱ्यात अधिक भरवशाचे आणि उडण्यास गुळगुळीत. चारशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा निर्णय आजही तसाच उभा आहे.

मोराच्या पिसाविषयी मात्र अ‍ॅस्कमचे आणि आपल्या ग्रंथकाराचे मत जुळत नाही. इंग्लंडात चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर कवीने आपल्या एका पात्राच्या कमरेला मोरपिसांच्या बाणांचा जुडगा दिला आहे. म्हणजे तेव्हा ती आवड होती. अ‍ॅस्कम म्हणतो की मोराचे पीस राठ आणि जड. शोभेसाठी ज्यांनी ते घेतले, त्यांतील अनेकांनी फायद्याकडे पाहून ते टाकले. इकडे धनुर्वेदात मोर उत्तम पक्ष्यांच्या यादीत आहे. मतभेद काहीही असो, एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. श्रीकृष्णाच्या मुकुटावर शोभते ते डोळ्याचे मोरपीस बाणाच्या कामाचेच नाही. त्याचे धागे एकमेकांत गुंतलेले नसतात. फुंकर मारली की ते विस्कटतात, मग हवा त्यांतून आरपार जाते. बाणाला हवे ते पंखातील पीस. त्याचे बारीक तंतू आकड्यांनी एकमेकांस धरून राहतात, विस्कटले तरी बोट फिरविताच पुन्हा जुळतात. मोराच्या पंखातील असे पीस रंगाने साधे तपकिरी असते. तेव्हा 'बर्हिणवाजित' बाण म्हणताच तसबिरीत जो निळाहिरवा झुबका काढण्यात येतो, तो चित्रकाराच्या भक्तीचा पुरावा आहे, धनुर्धराच्या अनुभवाचा नव्हे.

पंखातील पिसातही एक बारकावा आहे. डाव्या पंखाचे पीस एका बाजूस वळते, उजव्या पंखाचे दुसऱ्या. एका बाणाला सगळी पिसे एकाच पंखाची लावावी लागतात. मिसळली तर एक पीस बाणाला ह्या अंगाने फिरवू पाहते, दुसरे त्या अंगाने, आणि बाण डळमळतो. भावाभावांच्या संसारासारखेच हे. प्रत्येकजण गुणी असला तरी वळण एक नसले की गाडा चालत नाही.

अर्वाचीन काळात ही विद्या दोन वाटांनी गेली. एक शिकारीची, दुसरी लक्ष्यवेधाची. १९११ च्या ऑगस्ट महिन्यात कॅलिफोर्नियातील ओरोविल गावाजवळ याही जमातीचा अखेरचा माणूस, ज्याला लोक इशी म्हणत, अरण्यातून एकटा बाहेर आला. तेथील विद्यापीठाचे शल्यवैद्य सॅक्स्टन पोप ह्यांनी त्याच्यापासून बाण करण्याची आणि सोडण्याची विद्या घेतली. १९१६ मध्ये इशी वारला. पोप ह्यांचे धनुष्यबाणाच्या शिकारीवरील पुस्तक १९२३ मध्ये निघाले, आणि अमेरिकेत ह्या छंदाला नवे दिवस आले. ज्याची सारी जमात गोऱ्या वसाहतवाल्यांनी संपविली, त्याच माणसाने त्यांच्या नातवंडांना बाण शिकवावा, ह्यातील करुणा वेगळी सांगण्याची आवश्यकता नाही.

शिकारीच्या बाणाला रुंद, धारदार फाळ असतो. तो फाळ स्वतःच पुढे लावलेल्या पंखासारखा वागतो आणि बाणाला भलतीकडे ओढू पाहतो. त्याला आवरण्यास मागे लांब आणि उंच पिसे लागतात. अमेरिकेत ती टर्कीच्या पंखाची असतात. तापलेल्या तारेने जाळून त्यांना आकार देतात. मागचा भाग गोलाईने उतरविला तर एक तऱ्हा, ढालीच्या टोकासारखा आत कापला तर दुसरी. ढालीच्या आकाराचे पीस उडताना आवाज अधिक करते असा पुष्कळांचा अनुभव आहे, आणि हरणाचे कान बाणाच्या आधी जागे होतात. म्हणून कित्येक शिकारी गोल पीस पसंत करतात. उडता पक्षी टिपण्याच्या बाणाला तर मुद्दाम न कातरलेली झुबकेदार पिसे लावतात, म्हणजे नेम हुकला तरी बाण थोड्याच अंतरावर पडून पुन्हा सापडतो. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची ही वाट बंद झाली आणि ते योग्यच झाले.

लक्ष्यवेधाची वाट निराळी. ऑलिंपिकमध्ये १९२० नंतर वगळलेली धनुर्विद्या १९७२ मध्ये म्युनिक येथे परत आली. आज तेथे ७० मीटरांवरून १२२ सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यावर नेम धरतात. त्यातील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटरांचे. इतक्या दूर वाऱ्याने बाण सरकू नये म्हणून दांडा बारीक, टोक निमुळते, आणि मागे दोन इंचांहूनही लहान, प्लॅस्टिकची वळवलेली पाती. रुंद फाळच नाही, तेव्हा मोठ्या पिसांचे कारणही उरत नाही. तेच खेळाडू बंद दालनात १८ मीटरांवर खेळतात तेव्हा त्यांपैकी अनेकजण जाड दांडा आणि खरी लांब पिसे लावतात. तेथे वारा नाही, अंतर थोडे, आणि बाण जितक्या लवकर सावरेल तितके बरे. प्लॅस्टिक पावसात भिजत नाही, पीस भिजून चिकटते. उलट लाकडी धनुष्याला घासून जाताना पीस लवून वाट देते, ताठ पाते ठोकर खाते. गुण आणि दोष दोहोंकडे वाटलेले आहेत. राजस्थानातील आदिवासी कुटुंबातील लिंबाराम १९८८ मध्ये सोल ऑलिंपिकला भारताकडून गेले. वेळूच्या धनुष्यापासून आधुनिक धनुष्यापर्यंतचा हा सारा इतिहास त्यांच्या एका आयुष्यात सामावलेला आहे.

असो. आठ दिवसांनी शेट आले. आम्ही सांगितले: चार पिसे, मोरपिसांचा झुबका नको, ऑलिंपिकची पाती नको. पण लांबीवरून नवा वाद निघाला. भटजी म्हणाले, "श्रीराम हे विष्णूचे अवतार, अगस्त्यांनी त्यांना वैष्णव धनुष्य दिले. विष्णूचे धनुष्य ते शार्ङ्ग. मग पिसे दहा अंगुळांच्या मानाने हवीत." मुद्दा निरुत्तर करणारा होता. आम्ही म्हटले, "भटजी, त्याच ग्रंथात शार्ङ्ग धनुष्य हत्तीवरच्या आणि घोड्यावरच्या योद्ध्याला सांगितले आहे, पायी चालणाऱ्यास आणि रथीस वेळूचे. आमचा राम पायीच वनात गेला." भटजी हसले, पण मान्य झाले असे म्हणाले नाहीत.

निर्णय बाणानेच दिला. मेरी रोझच्या बाणांची गोष्ट आठवून आम्ही शेटना म्हटले, की पिसे गेली तरी बांधणीची खूण पाहा. शेटनी चिंचेच्या पाण्याने शेपूट स्वच्छ केले, भिंग लावले आणि दांड्यावर चार बारीक खाचा दाखविल्या. बाण नऊ इंचांचा. खाच दीड इंचाची. सहाच्या मानाने सव्वा इंच व्हावे, दहाच्या मानाने दोन. खाच सहाच्या जवळची निघाली. शिवाय चारही खाचा सरळ नव्हत्या. किंचित तिरप्या होत्या आणि चारही एकाच बाजूला. ज्या कोणा कारागिराने तो बाण घडविला, त्याला तो देवाच्या हातात शोभेसाठीच राहणार हे ठाऊक होते. तरीही त्याने तो सुटला तर सरळ जाईल असाच केला होता.

भटजींनी बाण कपाळाला लावला आणि म्हणाले, "शेट, होते तसेच करा." विजयादशमीला पालखी निघाली तेव्हा आम्ही प्रथमच टोकाकडे न पाहता शेपटाकडे पाहत होतो. पुढे धावणाऱ्याची कीर्ती सर्वजण गातात. मागे राहून त्याचा वेग थोडा रोखणारा आणि त्याला वाकडे जाऊ न देणारा जो कोणी असतो, त्याची आठवण एखाद्या शेटच्या प्रश्नानेच व्हावी लागते.